बिनतारी साकव

आमचं जुनं घर वहाळाच्या अलीकडे आणि निवृत्तीनंतर मी बांधलेलं दोन खोल्यांचं घर पलीकडे. मध्ये अंतर किती, तर हाक मारली तर पोचेल न पोचेल एवढं. वहाळावर साकव आहे. दर दिवाळीच्या सुमारास दादा तो गड्यांकडून घालून घेतो आणि दर आषाढात पहिल्या मोठ्या पुराबरोबर तो वाहून जातो. त्यानंतर दोन महिने ह्या घरातून त्या घरात जायचं तर हमरस्त्यानं तीन किलोमीटरचा वळसा. जुन्या घरात दादा-वहिनींबरोबर आमची आई असते. तिला आता अठ्ठ्याऐंशीवं चालू आहे. फोनवरचं बोलणं तिला नीट ऐकू येत नाही, पण समोर चेहरा दिसला तर ओठांवरून सगळं कळतं. म्हणजे पावसाळ्याचे दोन महिने मायलेकींची गाठ नाही, असं गेली काही वर्षं चाललं होतं.

दादाकडे इंटरनेटची केबल आली, पण कंपनीच्या माणसांनी ती वहाळापलीकडे आणायला साफ नकार दिला. एका गिऱ्हाइकासाठी एवढे खांब कोण घालणार? शेवटी पुण्याहून भाचा आला. त्यानं बरोबर दोन पांढऱ्या पेट्या आणल्या होत्या, साधारण शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. एक त्यानं दादाच्या पोटमाळ्याच्या खिडकीबाहेर बसवली, दुसरी माझ्या गच्चीवरच्या पाइपाला. आत्या, हा बिनतारी पूल, असं म्हणून त्यानं मला सगळं समजावून दिलं. दादाकडची पेटी आपलं जाळं पसरून बसते, माझ्याकडची तिला शोधत जाते. दोघींचं नाव एक, परवलीचा शब्द एक, लहरींची पट्टी एक. दोघींनी एकमेकींकडे अगदी तोंड करून बसायचं आणि मध्ये आडकाठी नको. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम मात्र एकाच टोकानं करायचं. दोन्ही टोकं पत्ते वाटू लागली की गोंधळ.

परवलीच्या शब्दाचं ऐकून मला बँकेतले दिवस आठवले. मी नोकरीला लागले तेव्हा एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पैसे तारेनं जात. तारेत रकमेबरोबर एक गुप्त आकडा असे. तो समोरच्या शाखेतल्या कुलूपबंद तक्त्याशी ताडून पाहायचा आणि जुळला तरच पैसे द्यायचे. मजकूर पोचणं वेगळं आणि तो घेणाऱ्यानं ओळखणं वेगळं, हे मी तेव्हाच शिकले.

तासभर पेटी एवढीशी इकडे, एवढीशी तिकडे असं चाललं. मध्ये येणारी आंब्याची एक फांदी तोडावी लागली. मग दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. उतरता उतरता भाचा सहज बोलून गेला की आपल्या ह्या पेट्यांची लहर साधारण पाच सेंटिमीटर लांबीची आहे, पण परदेशात काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये असा पूल बांधायला पाच मिलिमीटरची लहर वापरतात. सेकंदाला साठ अब्ज कंपनं. ती एकदम नवी गोष्ट आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

पाच मिलिमीटर म्हटल्यावर मी चमकले. कारण हा आकडा मी एका जुन्या माणसाच्या चरित्रात वाचला होता. हा माणूस एकशे तीस वर्षांपूर्वी कोलकात्यात नेमकी हीच लहर हाताळत होता. आणि त्यालाही आपलं घर आणि आपलं कॉलेज ह्यांच्यामध्ये असाच एक पूल बांधायचा होता.

जगदीशचंद्र बोस हे नाव तुम्हा-आम्हाला शाळेपासून माहीत आहे ते वनस्पतींमुळे. झाडांनाही जाणीव असते हे सांगणारे शास्त्रज्ञ, एवढ्यावर आपला धडा संपायचा. पण झाडांकडे वळण्याआधीची त्यांची दहा-पंधरा वर्षं वेगळीच होती. मी हिशेबातली बाई असल्यामुळे असेल, मला ती वर्षं देण्याघेण्याची गोष्ट म्हणून फार मोलाची वाटतात.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८चा, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी आणि ब्राह्मो समाजाचे. सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा म्हणजे इंग्रजी शाळा, असा त्या काळचा रिवाज. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चाकराचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. नदी, मासे, पाणथळीतले जीव ह्यांच्या गोष्टी तो त्यांच्याकडून ऐकत असे. गावात जत्रेची नाटकं होत. महाभारतातला त्याचा आवडता नायक अर्जुन नव्हता, कर्ण होता. जन्मभर हक्काचं नाकारलं गेलेला आणि तरी दिलेला शब्द न मोडणारा कर्ण ह्या मुलाच्या मनात कायमचा घर करून राहिला.

पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, तिथे फादर लाफों ह्यांच्यासारखे प्रयोग करून दाखवणारे शिक्षक, आणि १८८० मध्ये विलायत. गेले होते डॉक्टर व्हायला, पण अंगात मुरलेल्या तापानं ते जमू दिलं नाही. मग केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान शिकले. तिथे त्यांना लॉर्ड रॅली हे गुरू लाभले. १८८५ मध्ये परत आले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले.

इथून हिशेबाला सुरुवात होते. त्या काळी सरकारी शिक्षणखात्यात हिंदी प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळे. बोस ह्यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्यातलाही निम्मा. म्हणजे तेच काम, तेच तास, तेच विद्यार्थी आणि पगार मात्र एकतृतीयांश. बोस ह्यांनी नोकरी सोडली नाही, संप केला नाही, वर्तमानपत्रात लेख लिहिले नाहीत. त्यांनी पगार घ्यायचं नाकारलं आणि शिकवणं चालू ठेवलं. एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षं.

तीन वर्षं बिनपगारी म्हणजे काय हे ज्यांनी पगारावर घर चालवलंय त्यांना सांगायला नको. १८८७ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नी अबला ह्या मद्रासला वैद्यकी शिकत होत्या, ते शिक्षण पुरं होऊ शकलं नाही. कोलकात्यातलं बिऱ्हाड परवडेना म्हणून दोघं नदीकाठच्या चंद्रनगरला राहिली. रोज सकाळी हुगळी ओलांडून पलीकडे आगगाडी गाठायची. त्यासाठी एक होडी घेतली होती. अबलाबाई नवऱ्याबरोबर पलीकडे जात, होडी स्वतः वल्हवत परत आणीत आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला जात. वहाळाकाठी राहत असल्यामुळे असेल, पण हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी परतीची ती होडी येते. एकटी बाई, हातात वल्हं आणि पुढचा महिना कसा निघेल ह्याचा विचार.

अखेर सरकार नमलं. बोस ह्यांना कायम केलं आणि पूर्ण दरानं मागची सगळी बाकी एकरकमी दिली. आपल्या भाषेत एरिअर्स. बँकेत अशी रक्कम हातात पडलेली शेकडो माणसं मी पाहिली आहेत. कोणी स्कूटर घेतं, कोणी मुलीच्या लग्नासाठी मुदतठेव करतं. बोस ह्यांनी त्यातून वडिलांचं कर्ज फेडायला घेतलं.

भगवानचंद्र भले गृहस्थ, पण धंद्यात कच्चे. लोकांना रोजगार मिळावा म्हणून कारागिरीच्या शाळा काढल्या, आसामात चहाचे मळे घेतले, उद्योगांत पैसे घातले आणि बुडाले. मुलानं वडिलोपार्जित मालमत्ता विकून अर्धं देणं वारलं. मग आईनं आपलं स्वतःचं घातलं. सावकार म्हणाले, एवढं पुरे, राहिलेलं आम्ही सोडून देतो. बँकेच्या भाषेत ह्याला तडजोड म्हणतात आणि अशा तडजोडीवर सही करताना कर्जदाराच्या चेहऱ्यावर केवढी सुटका दिसते ते मला ठाऊक आहे. बोस ह्यांनी ती सूट घेतली नाही. पुढची काही वर्षं पगारातून ते उरलेलं देणं फेडत राहिले. मुलानं बापाचं कर्ज किती फेडायचं ह्याला आजच्या कायद्यात मर्यादा आहे. वारशात जेवढं मिळालं तेवढंच. इथे तर सुरुवातीला वडील हयात होते. १८९२ मध्ये ते गेले आणि त्यानंतर दोन वर्षांत आईही गेली.

१८९४च्या नोव्हेंबरात, छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी ठरवलं की ह्यापुढे संशोधन. प्रयोगशाळा नव्हतीच. कॉलेजातल्या स्नानगृहाला लागून असलेली एक चिंचोळी खोली मिळाली. हाताखाली पत्र्याचं काम करणारा एक कारागीर, त्याला शिकवून तयार केलेला. उपकरणांचा खर्च बराचसा पदरचा.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ हे तरुण वयात वारले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या विजेच्या लहरी हवेतून जातात हे त्यांनी सिद्ध केलं होतं. पण त्यांच्या लहरी लांब होत्या, हातभर आणि त्याहून मोठ्या. एवढ्या लांब लहरींवर टेबलावरचे नाजूक प्रयोग करणं अवघड. बोस ह्यांनी लहरच लहान करायचं ठरवलं. ती आखूड करत करत ते पाच मिलिमीटरपर्यंत आले. तांदळाच्या लांबट दाण्याएवढी लहर! ती नेमकी दिशेनं सोडण्यासाठी त्यांनी कर्ण्याच्या आकाराची तोंडं केली, पोकळ नळ्या केल्या. लहरी गाळून घेण्यासाठी आगगाड्यांचं वेळापत्रक असलेलं जाडजूड ब्रॅडशॉ घेतलं आणि त्याच्या पानापानांत कथलाचे वर्ख घातले. ज्यूटच्या पिळलेल्या जुड्याही त्यांनी लहरींच्या वाटेत ठेवून पाहिल्या. आणि सगळ्यात जास्त कष्ट घेतले ते लहर ओळखणाऱ्या यंत्रावर. पाठवणारं यंत्र तयार करणारे तेव्हा बरेच होते. येणारी अगदी क्षीण लहर न चुकता ऐकेल असा कान मात्र दुर्मीळ होता. बोस ह्यांचं खरं कौशल्य त्या कानात होतं.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हजर होते. लहर भिंतींच्या आरपार आणि म्हणतात की खुद्द गव्हर्नरसाहेबांच्या देहातून गेली आणि पंचाहत्तर फुटांवरच्या खोलीत घंटा वाजली, दारूचा बार उडाला. मध्ये तार नव्हती.

ह्यानंतर त्यांच्या मनात तो पूल आला. एक खांब आपल्या घराच्या छपरावर, दुसरा सुमारे मैलभरावरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजावर. घरून संकेत द्यायचा, कॉलेजात तो उमटायचा. साहित्य तयार होत होतं. पण १८९६ मध्ये विलायतेला जायची संधी आली आणि खांब उभे राहायचे राहिले. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. त्याच सुमारास लंडनमध्येच मार्कोनी नावाचा विशीतला इटालियन तरुण टपालखात्याच्या मदतीनं आपला बिनतारी संदेश मैलामैलानं पुढे नेत होता. त्याच्या हातात १८९६चा पेटंटचा अर्ज होता. बोस ह्यांच्या हातात फक्त व्याख्यानाची टिपणं होती आणि तीही ते सगळ्यांना दाखवत होते.

१८९९ मध्ये त्यांनी आपल्या नव्या लोखंड-पारा पद्धतीच्या ग्राहकाचं वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडलं, बारीकसारीक तपशिलासकट. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी ह्यांनी अटलांटिकपलीकडे, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, इंग्लंडहून आलेला संकेत टेलिफोन कानाला लावून ऐकला तो पाऱ्याच्याच एका ग्राहकातून. तो त्यांना इटालियन नौदलातल्या एका मित्राकडून मिळाला होता. त्याची घडण मुळात बोस ह्यांची होती, असा पुरावा १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मान्यवर अभियांत्रिकी नियतकालिकानं छापला. मार्कोनींचं धाडस, चिकाटी आणि व्यवहारज्ञान ह्यानं कमी होत नाही. त्यांनी महासागर जोडून दाखवला. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते काही फुकटचं नव्हे.

ह्याच १९०१ सालच्या मे महिन्यात, लंडनमधल्या दुसऱ्या एका व्याख्यानाच्या आधी, तारायंत्राच्या एका बड्या कंपनीचा मालक बोस ह्यांच्याकडे पेटंटचे कागद घेऊन आला. सगळं व्याख्यानात सांगून टाकू नका, पैसा मी घालतो, नफ्यातला अर्धा वाटा माझा, असा त्याचा आग्रह. एवढा कोट्यधीश माणूस आणखी पैशासाठी आपल्यापुढे याचक होऊन उभा आहे, हे पाहून बोस ह्यांना उबग आला. ही हकिकत त्यांनी मित्राला, रवींद्रनाथ ठाकुरांना, पत्रानं कळवली. एकदा आपण ह्या चक्रात सापडलो तर सुटका नाही, असं त्यांना वाटलं.

तरीही मित्रमंडळींनी हट्ट धरला. भगिनी निवेदिता आणि अमेरिकेतल्या सारा बुल ह्यांच्या खटपटीनं गॅलिना स्फटिकाच्या ग्राहकासाठी त्यांच्या नावे अमेरिकेत अर्ज गेला आणि मार्च १९०४ मध्ये पेटंट मिळालं. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणाचं ते जगातलं पहिलं पेटंट मानतात. आज आपल्या खिशातल्या फोनपासून माझ्या गच्चीवरच्या पेटीपर्यंत सगळं ज्या अर्धवाहकांवर चालतं, त्या घराण्यातला हा मूळपुरुष. बोस ह्यांनी त्याचा लाभ घेतला नाही, पेटंट तसंच संपू दिलं.

इथे माझ्यातली लेखिका आणि माझ्यातली बँक अधिकारी ह्यांचं पटत नाही. लेखिका म्हणते, केवढा निरिच्छ माणूस! अधिकारी म्हणते, पेटंट म्हणजे नुसता पैसा नव्हे, ते नोंदीचं रजिस्टर आहे. कोणी केव्हा काय ठेवलं ते त्यात लिहिलेलं असतं. नोंद न करता ठेव ठेवली की दुसऱ्याच्या खात्यावर जमा दिसते आणि मग वर्षानुवर्षं पत्रव्यवहार. बोस ह्यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं. जगानं रेडिओच्या खात्यावर त्यांचं नाव लिहिलं नाही आणि आपणही त्यांना झाडांच्या धड्यात बसवून मोकळे झालो.

पण त्यांचा हिशेब मी जितका पाहते तितका तो मला चोख वाटतो. पगार हा त्यांचा हक्क होता, तर त्यातला एक पैसा त्यांनी सोडला नाही. कर्ज हे देणं होतं, तर त्यातलाही एक पैसा त्यांनी ठेवला नाही. आणि ज्ञान त्यांच्या मते ह्या दोन्ही खात्यांत बसणारं नव्हतं. मी चुकले असं मला वाटतं ते इथेच: हिशेब न कळणारा माणूस असं मी त्यांना इतकी वर्षं समजत होते. हिशेब त्यांना पुरता कळत होता. काय हिशेबात धरायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं. त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि ती मोठी होती.

पुढे ते वनस्पतींकडे वळले, तिथेही विलायतेतल्या पंडितांशी झगडले. १९१७ मध्ये सर झाले आणि त्याच वर्षी आपल्या वाढदिवशी कोलकात्यात त्यांनी बोस विज्ञान मंदिर उभारलं. त्यासाठी मुंबईकडूनही देणग्या गेल्या. इथल्या शोधांचं पेटंट घेतलं जाणार नाही, ते सगळ्यांचे असतील, हे त्यांनी उद्घाटनालाच जाहीर केलं. १९२०मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला ते वारले. अबलाबाई त्यांच्यामागे १९५१पर्यंत होत्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी अखेरपर्यंत काम करत राहिल्या.

आणि ती पाच मिलिमीटरची लहर? ती कित्येक दशकं पडून राहिली. मार्कोनींच्या काळाला हव्या होत्या लांब लहरी, समुद्र ओलांडणाऱ्या. बोस ह्यांची लहर लांब जात नाही. हवेतला प्राणवायूच तिला शोषून घेतो, भिंती आणि पाऊस अडवतात. पण गावागावांत आणि इमारतीइमारतींत लक्षावधी यंत्रं बोलू लागली तेव्हा लांब न जाणारी लहर हीच सोय ठरली. पलीकडच्या आळीत तीच लहर दुसऱ्या कोणाला वापरता येते आणि तिच्या अंगावर माहितीचं ओझंही पुष्कळ मावतं. २०१२ मध्ये जगातल्या विद्युत अभियंत्यांच्या मोठ्या संस्थेनं प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. खात्यावर नोंद झाली, शतक उलटून गेल्यावर.

हे सगळं मी भाच्याला त्या रात्री ओटीवर बसून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं की ते घर आणि कॉलेजमधले खांब पुढे कधीच उभे राहिले नाहीत का. नाही, म्हटलं. बाकीच्या जगानं मात्र उभे केले.

ह्या वर्षी आषाढात साकव नेहमीप्रमाणे वाहून गेला. त्या संध्याकाळी वहाळ लाल पाण्यानं दुथडी भरून चालला होता. मी खिडकीशी टॅब्लेट उभा केला. मधल्या सरींमुळे चित्र दोनदा अडकलं, मग स्थिर झालं. पलीकडे आई दिसली, मागे वहिनी. आई माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती. मी काय बोलले ते तिला बरोबर कळलं आणि मग तिनं विचारलं, जेवलीस का.

गच्चीवर त्या पांढऱ्या पेटीचा हिरवा दिवा पावसात लागलेला होता.